देशी झाडांवरच्या फेलोशिपचा अर्ज: जुन्नर-आंबेगावचा पश्चिम पट्टा, १२ महिने, ३ लाख ६० हजार. आराखडा तपासून द्याल का?

आडवाट_जुन्नर (प्रश्न)

देशी झाडांवर एकट्याने काम करणाऱ्यांसाठी असलेल्या एका फेलोशिपचा अर्ज भरतो आहे. मुदत १ जुलै ते ३० जून, एकूण रक्कम ३,६०,००० रुपये, संस्था पाठीशी असण्याची अट नाही. कच्चा आराखडा असा:

१) पश्चिम पट्ट्यातल्या तीन गावांत २० देशी प्रजातींचं बी गोळा करणं
२) रोपवाटिका करून ५,००० रोपं तयार करणं आणि गायरानात लावणं
३) पाच शाळांत जनजागृती
४) झाडांची नोंद ठेवणारं मोबाईल ॲप

महिना २५,००० प्रमाणे मानधन ३ लाख, उरलेले ६० हजार खर्चाला. प्रश्न तीन. एका वर्षात हे बसेल का? बी गोळा करायला कुणाची परवानगी लागते? आणि खर्चाचं पान कसं लिहावं? वनस्पतिशास्त्रात एमएस्सी आहे, झाडं ओळखता येतात, दुचाकी आहे.

---

बी_बियाणं

बसणार नाही, आणि त्याचं कारण पैसा नाही, पंचांग आहे.

१ जुलैला काम सुरू होणार म्हणजे शिवणीची फळं एप्रिल ते जूनमध्ये पडून गेलेली, सावरीची बोंडं मे संपायच्या आत फुटून कापूस उडालेला, जांभळं संपत आलेली. जांभळाचं बी तर साठवताच येत नाही. सुकलं की मेलं, आठवडा-दोन आठवड्यांत पेरावं लागतं. बहावा आणि बिबळा हिवाळ्यानंतर मिळतील, पण त्यांची रोपं जूनपर्यंत वीतभर होतील. अशी रोपं गायरानात लावली तर पहिल्याच उन्हाळ्यात जातात. थोडक्यात, पुढच्या ३० जूनला ५,००० रोपं ‘लावून झाली’ असं लिहायचं असेल तर ती दुसऱ्याच्या रोपवाटिकेतून विकत आणावी लागतील. अर्ज तपासणाऱ्याला हे पहिल्या पानावरच कळतं.

२० प्रजाती सोडा, एक घ्या. तुमच्या पट्ट्यात ती समोरच उभी आहे: हिरडा. उन्हाळ्यात कोवळी फळं तोडून, वाळवून बाळहिरडा म्हणून विकतात आणि कित्येक घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न त्यावर असतं. जे फळ कोवळंच तोडलं त्याची आठळी कधी तयारच होत नाही. मग सरळ प्रश्न असा होतो: जिथे बाळहिरडा काढतात तिथल्या झाडाखाली हिवाळ्यात पिकलं फळ किती पडतं, आणि त्यातलं उगवण्याजोगं किती असतं? एका माणसाला एका वर्षात झेपणारा प्रश्न आहे. शिवाय पिकलं फळ डिसेंबर ते मार्चमध्ये पडतं, म्हणजे जी १ जुलै बाकी झाडांना अडचणीची आहे ती हिरड्याला नेमकी सोयीची.

मांडणी अशी करता येईल. ३० झाडं घ्या, १५ कोवळ्या फळांची तोडणी झालेली, १५ न झालेली. इथे दोन धोके आहेत.

पहिला: हिवाळ्यात जे फळ पडेल त्याची तोडणी मे महिन्यातच होऊन गेलेली असते, तुमची फेलोशिप सुरू होण्याआधी. त्यामुळे कोणतं झाड तोडलं आणि कोणतं सोडलं हे मालकाला जुलैतच विचारून लिहून ठेवा. डिसेंबरात विचारलंत तर ‘थोडंफार काढलं असंल’ एवढंच उत्तर मिळतं आणि सगळी मांडणी ढिली पडते.

दुसरा: न तोडलेली झाडं बहुतेक वेळा उंच, कड्यालगतची किंवा रानातली असतात. म्हणजे फरक तोडणीमुळे दिसतोय की जागेमुळे, हे सांगता येत नाही. म्हणून जोड्या लावा. तोडलेल्या प्रत्येक झाडाला, शक्यतो त्याच उतारावरचं आणि घेरात १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसलेलं न तोडलेलं झाड. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, उतारावर असेल तर वरच्या अंगाला उभं राहून मोजायचा. राबासाठी (भाताच्या रोपवाफ्यावर जाळायला) फांद्या छाटलेली झाडं दोन्ही गटांतून वगळा, त्यांना फळ कमीच असतं.

प्रत्येक झाडाखाली १ मीटर × १ मीटरच्या चार चौकटी, चार दिशांना, बुंधा आणि पसाऱ्याची कड यांच्या मधोमध. कोपऱ्यांना सळईचे खुंटे ठोका. नायलॉनची दोरी बांधून ठेवू नका, गुरं अडकतात नाहीतर दोरी कुणीतरी सोडून नेतं. १ डिसेंबरपासून ३१ मार्चपर्यंत दर १५ दिवसांनी फेरी. मोजलेल्या प्रत्येक फळावर ऑइल पेंटचा ठिपका द्या आणि तिथेच ठेवा, म्हणजे पुढच्या फेरीला तेच दुसऱ्यांदा मोजलं जात नाही आणि किती फळं कुणी उचलून नेली तेही कळतं. तक्त्यात चार रकाने पुरेत: अख्खं, भोक पडलेलं, कुरतडलेलं, मागच्या वर्षीचं. मागच्या वर्षीची आठळी ओळखायला सोपी असते, गर गेलेला, रंग करडा, हातात घेतली की हलकी लागते.

---

गटनंबर

परवानगीचं उत्तर मुख्यतः झाड कुठल्या जमिनीवर उभं आहे त्यावर आहे. म्हणून आधी ३० झाडांची यादी, प्रत्येकापुढे गट नंबर आणि सातबाऱ्यावरचा धारणा प्रकार (जमीन कोणत्या हक्काने कुणाकडे आहे ते). मग तीन ढीग पडतात.

मालकीची जमीन: मालकाची लेखी संमती. साध्या कागदावर चालते, पण त्यात ‘आठळ्या मोजणे, नमुना नेणे, झाडाला क्रमांकाची पट्टी बांधणे’ हे तिन्ही वेगवेगळं लिहा. सातबाऱ्यावर पाच भावांची नावं असतील तर निदान जो तोडणी करतो त्याची सही हवी.

वनखात्याची जमीन: १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात झाडाची फळं नि बिया हेदेखील वनोपजच आहेत. खाली पडलेली आठळी उचलणंही परवानगीशिवाय नको. अर्ज जुन्नर वन विभागाच्या उपवनसंरक्षकांच्या नावे, प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना. सोबत नकाशा, कामाच्या तारखा, किती आठळ्या नेणार तो आकडा, आणि फेलोशिपचं पत्र. ‘बी संकलन व वृक्षारोपण’ असं मोघम लिहिलं की अर्ज टेबलं फिरतो. ‘३०० आठळ्या, उगवण चाचणीसाठी, विक्री नाही’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला सही करायला सोपं जातं.

भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत: तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागतो आणि संशोधनाची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून, म्हणजे नागपूरहून. १२ महिन्यांच्या फेलोशिपमध्ये या कागदासाठी थांबणं परवडत नाही. सरळ सांगायचं तर अभयारण्यातलं एकही झाड घेऊ नका. हिरडा हद्दीबाहेर भरपूर आहे.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. तुमची गावं अनुसूचित क्षेत्रातली असतील तर १९९६ च्या पेसा कायद्याने (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) गौण वनोपजावरचा, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या मालावरचा, हक्क ग्रामसभेचा आहे, आणि हिरडा गौण वनोपजच. ग्रामसभेचा ठराव घ्या. नुसती सरपंचाची सही म्हणजे ठराव नव्हे. ठरावात तारीख, ठराव क्रमांक, सूचक नि अनुमोदक हवेत. १५ ऑगस्टची ग्रामसभा सहसा होतेच, ती गाठायची तर विषय जुलैतच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) द्या. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर तिलाही पत्र द्या, लोक जैवविविधता नोंदवहीत तुमचे आकडे पुढे कामी येतात.

---

रोपवाटिका_तळेघर

उगवण चाचणीबद्दल थोडं, कारण हिरडा इथे भल्याभल्यांना फसवतो.

सगळा घोळ आठळीचा आहे. गर वाळून पाच कंगोरे उठलेलं फळ हातात घ्या, आत हाडासारखी टणक आठळी, आणि त्या जाड भिंतीत एवढंसं बी. पाणी आत जातच नाही. फळं गोळा केल्यावर ती पाण्यात टाकून गर मऊ होऊ द्या, पाणी रोज बदला, मग खरखरीत गोणपाटावर घासून गर काढा आणि आठळ्या सावलीत वाळवा. गर तसाच ठेवून पेरलंत तर वाफ्यात बुरशी धरते.

मग तीन गट, प्रत्येकी १०० आठळ्या, २५-२५ चे चार भाग करून:

अ) काहीही न करता
आ) ३६ तास गार पाण्यात भिजवून
इ) रुंद टोकाचा टवका काढून, मग ३६ तास गार पाण्यात भिजवून

इ गटाचा निकाल चांगला येतो, पण टवका काढतानाच नासाडी होते. हातात आठळी धरून सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) चालवला की तो निसटतो, बोट तरी जातं नाहीतर आतलं बी चिरडतं. आठळी पकडीत घट्ट धरा, लहान करवतीने रुंद टोकाला घासत न्या, आणि आतली पोकळी दिसायला लागताच थांबा. पहिल्या २० आठळ्या सरावाच्या समजून बाजूला टाका, चाचणीत धरू नका. तुमच्या परवानगीच्या अर्जातला ३०० चा आकडा त्यामुळे कमी पडेल. ४०० लिहा.

धुतलेल्या नदीच्या वाळूचा वाफा, आठळी २ सेंमी खोल, वर बारीक जाळी. जाळी विसरलात तर उंदीर आणि खारी दोन रात्रींत वाफा रिकामा करतात, आणि तुमच्या तक्त्यात मात्र ‘उगवण शून्य’ दिसतं. दर तिसऱ्या दिवशी मोजणी, ९० दिवसांपर्यंत. कंटाळून ३० व्या दिवशी वाफा मोडू नका, हिरडा मागून येत राहतो. शेवटी न उगवलेल्या आठळ्या फोडून बघा: आत रिकामी, कुजलेली, की बी पांढरं नि टणक आहे? तिसऱ्या प्रकारचं बी मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. ही शेवटची पायरी बहुतेक अहवालांत नसते, त्यामुळे ‘उगवणक्षमता कमी’ या वाक्याला काही अर्थच उरत नाही.

पाण्यात तरंगेल ते पोचट, ही परीक्षा हिरड्याला लावू नका. वाळलेली आठळी आतल्या हवेमुळे चांगली असूनही तरंगते.

१५ मार्चपर्यंत पेरणी झाली पाहिजे, तरच ९० दिवस १३ जूनला पुरे होतात आणि अहवालाला दोन आठवडे उरतात. शेवटच्या दोन फेऱ्यांची फळं चाचणीला मिळणार नाहीत, ते मान्य करा. आणि चाचणीच्या आठळ्या चौकटींच्या बाहेरून उचला. चौकटीतल्या उचलल्या तर मोजणी बिघडते.

---

ताळेबंद

खर्चाचं पान. २५ हजार मानधन धरलंत तर क्षेत्रकामाला ६० हजार उरतात, आणि तपासणाऱ्याला असं दिसतं की प्रकल्प फक्त पगारापुरता आहे. वर बी_बियाणं आणि तळेघरवाल्यांनी दिलेली मांडणी धरून हे बघा:

मानधन १८,००० × १२ = २,१६,०००
गावातला मदतनीस ६०० × ६० दिवस = ३६,०००
दुचाकी प्रवास ३,३६० किमी × ५ = १६,८००
साहित्य (फीत, खुंटे, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, ताणकाटा म्हणजे स्प्रिंगचा वजनकाटा, १० पट भिंग) १२,०००
उगवण चाचणीचा वाफा, वाळू, जाळी, पिशव्या १५,०००
ग्रामसभेतलं सादरीकरण व मराठी पुस्तिका ३०,०००
अपघात विमा व औषधपाणी ८,०००
अनपेक्षित २६,२००
एकूण ३,६०,०००

६० दिवस हवेतून आलेले नाहीत आणि ते तसेच फोडून लिहायचे: झाडं निवडणं ८, रोपटी मोजणं १०, हिवाळ्यातल्या ९ फेऱ्या दोन-दोन दिवसांच्या म्हणजे १८, वाफ्याची देखभाल १२, उन्हाळ्यात तोडणीचं वजन घेणं १२. प्रवासही तसाच: जाऊन-येऊन ७० किमी, ४८ फेऱ्या. हिशेब उलटा तपासता आला की प्रश्न येत नाहीत. ‘प्रवास: २०,०००’ असा गोल आकडा आला की येतातच. ॲप काढून टाका. तक्ता कागदावर लिहा, संध्याकाळी फोटो काढून ठेवा.

मदतनिसाचा रोज दर महिन्याला सही घेऊन द्या आणि पावती पुस्तक ठेवा. वर्षाअखेरीस एकदम ६० सह्या घेतलेल्या कागदाचा रंग आणि शाई एकच असते, ते लगेच लक्षात येतं.

कर: शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीला करमाफी असते, पण प्रकल्पाचं मानधन त्यात आपोआप बसत नाही. काही देणारे ते व्यावसायिक शुल्क धरून १० टक्के कापून घेतात. करारावर सही करण्याआधी विचारा, कारण कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्यावर परत मिळेपर्यंत तुमच्या हातात १८ नव्हे, १६,२०० येतील. हप्त्यांच्या अटीही बघा. शेवटचा हप्ता अंतिम अहवालानंतर असेल तर एप्रिल ते जूनचा खर्च खिशातून होणार.

पुढेमागे परदेशी निधीचा विचार कराल म्हणून: रफर्ड फाउंडेशन व्यक्तींना लहान अनुदानं देतं, शिफारसपत्रं तीन लागतात, आणि संवर्धनाशी थेट संबंध नसलेलं निव्वळ संशोधन ते घेत नाहीत. मोहम्मद बिन झायेद प्रजाती संवर्धन निधी एखाद्या प्रजातीभोवतीच्या कामाला जास्तीत जास्त २५,००० डॉलर देतो, पण त्यांचा भर धोक्यातल्या प्रजातींवर आहे. सीता अशोक तिथे चालेल, हिरड्याला तिथे नेऊन उपयोग नाही. कुठलाही परदेशी पैसा खात्यात घेण्याआधी एफसीआरएबद्दल (परदेशी निधीवरचा कायदा) सीएचं लेखी मत घ्या. ‘ओळखीच्या संस्थेच्या खात्यातून फिरवून घेऊ’ हा मार्ग २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला आहे.

---

आडवाट_जुन्नर

सगळ्यांचे आभार, आराखडा मोडून पुन्हा लिहायला घेतो. एक शंका उरते. ग्रामसभेत ‘आठळ्या मोजणार’ म्हटलं तर पहिला प्रश्न येईल, आम्हाला त्यातून काय? लोकांना रोपं हवी असतात. आणि रोपटी मोजण्याचे १० दिवस नेमके केव्हा?

---

बी_बियाणं

आधी दुसरं. जुलैअखेर ते ऑगस्ट, पावसाची उघडीप बघून. झाडाखाली ५ × ५ मीटरची एक मोठी चौकट, त्यात दोन वेगळे आकडे: यंदा उगवलेली, अजून बीजपत्रं (बियातून आलेली पहिली पानं) टिकून असलेली किंवा देठ हिरवाच असलेली, आणि जुनी, बुंध्याशी लाकूड झालेली, एक मीटरच्या आतली. मुळावरून किंवा तुटल्या खोडावरून आलेले फुटवे मोजू नका. शंका आली तर बोटाने माती थोडी सारून बघा, उपटू नका.

मात्र एक गफलत टाळा. ऑगस्टमधली रोपटी मागच्या हिवाळ्यातल्या फळांची आहेत. तुम्ही डिसेंबर ते मार्चमध्ये मोजाल ती फळं पुढच्या जुलैत उगवतील, तोवर फेलोशिप संपलेली असेल. त्यामुळे ‘इतकी फळं पडली, त्यातली इतकी रोपटी झाली’ असा भागाकार पहिल्या अहवालात करू नका. अर्जातच दोन महिन्यांची विनाखर्च मुदतवाढ मागा, म्हणजे ऑगस्टअखेर दुसरी मोजणी होईल. मिळाली नाही तरी खुंटे जागेवर ठेवा.

---

रोपवाटिका_तळेघर

लोकांना काय, याचं उत्तर वाफ्यातच आहे. ३०० आठळ्यांमधून जी काही रोपं येतील ती त्यांचीच. पण आकडा कबूल करू नका. जूनमध्ये ती लावण्याजोगी नसतातच, मोठ्या पिशवीत भरून पुढच्या पावसाळ्यापर्यंत सांभाळावी लागतात. पाणी कोण घालणार त्याचं नाव ठरावात आलं तरच द्या. पिशवी ६ × ८ इंच, त्याहून लहान नको, हिरड्याचं सोटमूळ तळाशी गोल फिरतं आणि लावल्यावर झाड दोन-तीन वर्षांनी मान टाकतं.

माझ्या मते गायरानात लावण्यापेक्षा झाडाखाली आपसूक आलेली रोपटी राखणं स्वस्त. करवंदीच्या काट्यांचा आळा केला की शेळी तोंड घालत नाही. दर उन्हाळ्यात काटे नवे घालावे लागतात, एवढंच.

---

गटनंबर

यावर थोडा मतभेद. काटे घालून राखा म्हणायचं आणि मे महिन्यात फळ मात्र सगळं तोडू द्यायचं, तर दहा वर्षांनी राखायला रोपटंच येणार नाही. मालकांशी बोलून शेतात एक-दोन झाडं तोडणीविना सोडता येतील का, हे विचारायलाच हवं. पण त्याची किंमत आहे. म्हणून एप्रिल-मेमधली वजनं नीट घ्या, झाडागणिक, ओलं आणि वाळल्यावर असं दोन्ही. एका झाडाचा बाळहिरडा वाळून किती किलो भरतो आणि त्या दिवशीच्या भावाने किती रुपये होतात, हे कागदावर आलं की ‘दोन झाडं सोडा’ म्हणजे किती रुपये सोडा, ते ग्रामसभेत बोलता येतं. भरपाई द्यायची झाली तर ती कुणी द्यायची हेही तिथेच ठरू द्या. फेलोशिपच्या पैशातून देऊ नका, एका वर्षाने बंद पडते आणि पुढच्या मे महिन्यात दारात प्रश्न तुमच्यासाठी उभा राहतो.

---

ताळेबंद

वजनाच्या कामाला ताणकाटा २५ किलोचा घेतलात तर लहान ढिगाला चुकतो. ५ किलोचा एक आणि २५ चा एक, दोन्ही साहित्याच्या १२ हजारांत बसतात. आणि ४०० आठळ्यांचा आकडा वनखात्याच्या अर्जात, ग्रामसभेच्या ठरावात आणि फेलोशिपच्या अर्जात तिन्हीकडे एकच ठेवा.